मराठीत इंटरॅक्टिव्ह गोष्टींची वेबसाइट काढताय? या चुका टाळा

पुढे काय करायचं हे वाचक ठरवतो, अशा गोष्टीला इंटरॅक्टिव्ह फिक्शन म्हणतात. ती लिहायला आज फारसं भांडवल लागत नाही. ख्रिस क्लिमसने २००९ मध्ये आणलेलं ट्वाइन हे सॉफ्टवेअर फुकट आहे. इंकल स्टुडिओने २०१६ मध्ये सगळ्यांसाठी खुली केलेली इंक ही अशा गोष्टी लिहिण्याची प्रोग्रॅमिंग भाषाही फुकट आहे. ट्वाइनमधली गोष्ट 'पब्लिश' केली की एकच एचटीएमएल फाइल हातात येते आणि ती कुठेही चढवता येते. खऱ्या अडचणी त्यानंतर येतात. त्यातल्या निम्म्या मराठीत लिहिणाऱ्यालाच येतात, त्यामुळे इंग्रजी ट्युटोरियलमध्ये त्यांचा उल्लेखही नसतो.

या चुका वरवर वेगवेगळ्या दिसल्या तरी त्यांचं मूळ बहुतेकदा एकच असतं. आपण वाचकाला निर्णय घ्यायला सांगतो आणि मग तो निर्णय वाटेत कुठेतरी सांडतो.

आधी साइट, मग गोष्ट

डोमेन घेतलं, लोगो केला, लॉगिन, पॉइंट, लेखकांसाठी वेगळं पान, सगळं कागदावर आखलं. गोष्ट मात्र एकही पूर्ण नाही. हे टाळा. दादर ते ठाणे एवढ्या प्रवासात वाचून संपेल अशी एक गोष्ट आधी पूर्ण करा. साइटला काय लागेल ते तीच सांगेल. लॉगिन तर मुळीच नको. उभ्याने, एका हाताने फोन धरलेला माणूस गोष्ट वाचण्यासाठी पासवर्ड तयार करत बसणार नाही.

वाचकाने आज्ञा टाइप करायची, अशा प्रकारापासूनही सुरुवात करू नका. विल क्राउदरने १९७६ च्या सुमारास लिहिलेल्या 'अॅडव्हेंचर' या कॉम्प्युटर गेमपासून ही परंपरा चालत आली आहे आणि ग्रॅहम नेल्सनचं इन्फॉर्म हे सॉफ्टवेअर त्यासाठी उत्तम आहे. पण ती सगळी घडण इंग्रजी वाक्याची आहे. मराठीत 'छत्री उघड', 'उघड छत्री', 'ती छत्री उघड ना', यातलं सगळं प्रोग्रॅमला कळायला हवं, शिवाय ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ वेगळा. पहिली गोष्ट लिंकवर बोट ठेवून पुढे जाणारी असू द्या.

फांद्या मोजल्याच नाहीत

दर पानावर दोन पर्याय आणि प्रत्येकाची वाट कायमची वेगळी, असं ठरवलं तर दहा निवडींनंतर १,०२४ शेवट होतात. एकूण पॅसेज, म्हणजे एका वेळी पडद्यावर येणारे गोष्टीचे तुकडे, २,०४७. प्रत्येकी १०० शब्द धरले तरी दोन लाखांच्या वर लिखाण झालं, आणि एका वाचकाच्या वाट्याला त्यातले अकरा पॅसेज, म्हणजे ११०० शब्द आले. बहुतेक अर्धवट गोष्टी इथेच अडकलेल्या असतात, साधारण चौथ्या निवडीपाशी.

वाटा पुन्हा एकत्र आणा. समजा, जुलैतली पावसाची रात्र आहे. सायन सोडून गाडी कुर्ल्याच्या अलीकडे थांबली आहे आणि रूळ पाण्याखाली गेले आहेत. डब्यात थांबायचं की उतरून चालायचं? थांबणाऱ्याची समोरच्या आजींशी ओळख होते आणि शेजारच्याची पॉवर बँक मिळते. चालणारा लवकर पोहोचतो, पण फोन भिजवून बसतो. दोघेही शेवटी कुर्ला स्टेशनवर येतात. तिथून पुढचं लिखाण एकच, फक्त कोणाजवळ काय आहे हे गोष्टीने लक्षात ठेवलेलं. दर दोन निवडींनंतर असं एकत्र आणलं तर प्रत्येक टप्प्याला सात पॅसेज लागतात. पाच टप्पे, दहा निवडी, पस्तीस पॅसेज आणि वर दोन-चार शेवट. हे दोन महिन्यांच्या रविवारांत लिहून होतं.

मात्र एकत्र आणताना लक्षात ठेवण्याचं काम विसरलात, तर उलटी चूक होते. आजींना सोडून चालत निघालेल्या वाचकाला कुर्ल्याच्या फलाटावर आजी जुनी ओळख असल्यासारख्या हाक मारतात. आपण काय निवडलं याला काही अर्थ नव्हता, हे वाचकाला त्या क्षणी कळतं. तिथून पुढे तो पर्याय वाचतच नाही, नुसता पहिल्या लिंकवर बोट ठेवत जातो. म्हणून एकत्र येण्याच्या प्रत्येक जागी निदान एक वाक्य तरी आधीच्या निवडीवरून बदलायला हवं.

'तू उतरलास' की 'तू उतरलीस'?

इंग्रजीतल्या गोष्टी वाचकाला उद्देशून लिहिलेल्या असतात आणि तिथे क्रियापदाला लिंग नसतं. आपण तोच साचा उचलतो आणि पहिल्याच पानावर 'तू गाडीतून उतरलास' असं लिहून बसतो. निम्म्या वाचकांसाठी गोष्ट तिथेच परकी होते.

'तुम्ही' वापरल्याने पुष्कळ सुटतं. 'तुम्ही उतरलात', 'तुम्ही चालताय' ही वाक्यं कोणालाही चालतात. पण विशेषण आलं की पुन्हा अडतं, कारण 'तुम्ही दमलेले आहात' आणि 'तुम्ही दमलेल्या आहात' वेगळं, 'एकटे' आणि 'एकट्या' वेगळं, 'उभे होतात' आणि 'उभ्या होतात' वेगळं. अशा वेळी कर्ता बदला. 'तुमचे पाय भरून आलेत', 'तुमच्यासोबत कोणी नाही', 'बसायला जागा मिळालेली नाही'. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळही कामी येतो. 'तू छत्री उघडलीस' या वाक्यात क्रियापद छत्रीप्रमाणे चालतं, वाचक कोणीही असो.

पर्यायांचे शब्दही तपासा. 'मी उतरतो' ऐवजी 'खाली उतरायचं', 'मी थांबते' ऐवजी 'डब्यातच थांबायचं'. आणि सहप्रवासी वाचकाला हाक मारणार असेल, तर 'ओ ताई' की 'ओ भाऊ' हे ठरवावंच लागतं. तिथे सुरुवातीलाच साधा प्रश्न विचारून उत्तर व्हेरिएबलमध्ये, म्हणजे गोष्टीने लक्षात ठेवायच्या नावाच्या कप्प्यात, ठेवणं बरं. मला स्वतःला तिसरा मार्ग जास्त आवडतो. नायिका पक्की करा, तिला नाव, घर, स्वभाव द्या आणि वाचकाला तिचे निर्णय घेऊ द्या. मग सगळी क्रियापदं मोकळेपणाने लिहिता येतात.

वस्तू बदलली, विभक्ती तशीच

वाचकाने घरून काय घेतलं ते व्हेरिएबलमध्ये साठवलं आणि पुढे त्याला 'त' जोडला. छत्री असेल तर 'छत्रीत' बरोबर. डबा असेल तर 'डबात', पाकीट असेल तर 'पाकीटत'. वाचकाला हे लगेच खटकतं. प्रत्येक वस्तूची दोन रूपं साठवा, मूळ आणि सामान्यरूप: डबा आणि डब्या, पाकीट आणि पाकिटा, छत्री आणि छत्री. मग त, ला, ने, चा यातलं काहीही सामान्यरूपाला जोडलं की शब्द नीट बनतो. तिसऱ्या खान्यात लिंग ठेवा, नाहीतर 'छत्री हरवला' असं छापून येईल. वाचकाचं नाव विचारलं असेल तर ते हाकेपुरतं वापरा. नावाला प्रत्यय जोडण्याच्या फंदात न पडलेलं उत्तम.

व्हेरिएबलची नावं मात्र रोमन अक्षरांत द्या. शुगरक्यूब हा ट्वाइनमधली गोष्ट चालवणारा एक साचा देवनागरी नावं स्वीकारत नाही.

दिसायला सारखं, आतून वेगळं

लिंकवर बोट ठेवलं की कोरं पान येतं. ट्वाइनमध्ये सगळे पॅसेज बाणांनी जोडलेले दिसतात त्या नकाशात बघितलं तर त्याच नावाचे दोन पॅसेज, त्यातला एक रिकामा. शुद्धलेखन तपासलं, अक्षर न् अक्षर सारखं. मग चूक कुठे?

'दुसऱ्या डब्यात' हे नाव घ्या. यातला 'ऱ्या' युनिकोडमध्ये एकापेक्षा जास्त प्रकारे लिहिला जातो. कोणी स्वतंत्र 'ऱ' ला हलन्त जोडतो, कोणी साध्या 'र' नंतर हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतो. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात, ट्वाइनला ते दोन वेगळे शब्द वाटतात. 'ॲम्ब्युलन्स'चंही तेच. पहिलं अक्षर एकसंध 'ॲ' असू शकतं किंवा 'अ' वर काढलेला चंद्र. अर्धी गोष्ट फोनवर आणि अर्धी कॉम्प्युटरवर लिहिली की कीबोर्ड बदलतो आणि हा घोळ हमखास होतो. लिंकचं नाव कुठल्याच पॅसेजशी जुळलं नाही तर ट्वाइन तक्रार करत नाही, गुपचूप नवा रिकामा पॅसेज बनवतं.

उपाय सोपा आहे. पॅसेजची नावं रोमन अक्षरं आणि आकडे यांतच ठेवा आणि वाचकाला दिसणारे मराठी शब्द लिंकमध्ये बाणाच्या (->) अलीकडे लिहा. गोष्ट आधीच लिहून झाली असेल, तर नकाशात जिथून एकही बाण निघत नाही असे पॅसेज शोधा. ते गोष्टीचे शेवट नसतील तर तिथेच बिघाड आहे.

जुनं लिखाण डीटीपीच्या फॉन्टमध्ये असेल तर ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. नाहीतर पेस्ट केल्यावर रोमन अक्षरांचा नुसता चिखल दिसतो.

अक्षरांची मोडतोड

एकेक अक्षर टाइप होत असल्याचा इफेक्ट पुष्कळांना आवडतो. पण 'क्षि' हे आपल्याला एक अक्षर असलं तरी प्रोग्रॅमला ते चार तुकडे आहेत: क, हलन्त, ष, वेलांटी. त्यामुळे पडद्यावर आधी 'क', मग लंगडा 'क्', मग 'क्ष' असं उमटत जातं. शब्दाशब्दाने किंवा ओळीओळीने दाखवा. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची सेटिंग शून्यावर ठेवा, नाहीतर शिरोरेघ तुटते. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं. अक्षराच्या दीडपट ते पावणेदोनपट ठेवलं तर वरची मात्रा आणि खालचा उकार एकमेकांवर चढत नाहीत.

फॉन्टसाठी दूर जायला नको. मुक्त आणि बलू हे दोन्ही मुंबईच्याच 'एक टाइप'चे आहेत आणि फुकट मिळतात. पानाची भाषा एचटीएमएलमध्ये मराठी म्हणून नोंदवा. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात 'ल' आणि 'श' मग आपल्या वळणाचे उमटतात.

लिंक एकमेकींना चिकटून ठेवू नका. गाडीचा धक्का बसला की बोट शेजारच्या पर्यायावर पडतं. गूगलच्या मार्गदर्शनात ४८ आणि अॅपलच्या ४४ एककांची किमान उंची सांगितली आहे, तेवढी तरी द्या. चुकून पडलेलं बोट मागे घेण्यासाठी 'मागे' बटणही असू द्या.

सेव्ह गेलं, गोष्टही गेली

वाचक घाटकोपरला उतरतो आणि संध्याकाळी परत गोष्ट उघडतो, तर ती पहिल्या पानापासून सुरू. ट्वाइनच्या हार्लो या दुसऱ्या साच्यात सेव्हची सोय तुम्हाला स्वतः लिहावी लागते. शुगरक्यूबमध्ये बाजूच्या पट्टीत ती तयार मिळते, पण फोनवर ती पट्टी मिटलेली असते, म्हणून पहिल्याच पानावर तिच्याबद्दल एक ओळ लिहा. सेव्ह वाचकाच्या ब्राउझरमध्ये राहतं हेही सांगा. इन्स्टाग्रामवरून लिंक उघडली तर ती त्या अॅपच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडते, आणि तिथलं सेव्ह क्रोममध्ये दिसत नाही. गोष्ट प्रसिद्ध झाल्यावर पॅसेजची नावं बदलू नका. जुन्या सेव्हना जुनीच नावं माहीत असतात.

लेखकाच्या बाजूचा धोका याहून मोठा आहे. ब्राउझरमध्ये चालणारं ट्वाइन तुमची गोष्ट त्या ब्राउझरच्याच साठ्यात ठेवतं. ब्राउझिंग डेटा पुसला की महिन्यांचं काम जातं. सफारी तर सात दिवस न उघडलेल्या साइटचा साठा आपणहून पुसू शकते. कॉम्प्युटरवर ट्वाइनचं अॅप घ्या, ते डॉक्युमेंट्समध्ये फाइल ठेवतं. ब्राउझरच वापरायचा असेल तर रोज काम संपवून उठण्याआधी आर्काइव्ह, म्हणजे सगळ्या गोष्टींची एक फाइल, काढा आणि स्वतःला मेल करा.

चढवल्यावर चित्रं दिसत नाहीत

बहुतेकदा फाइलच्या नावातलं कॅपिटल अक्षर कारणीभूत असतं. विंडोजला लहान-मोठ्या अक्षराचा फरक पडत नाही, गिटहब पेजेस या होस्टिंग सेवेला पडतो. इच डॉट आयओ या गेम ठेवण्याच्या साइटवर झिप चढवत असाल तर त्यात इंडेक्स नावाची एचटीएमएल फाइल हवी. चित्रं हलकी ठेवा, कारण गर्दीच्या वेळी लोकलमध्ये नेटवर्क ये-जा करतं. निव्वळ मजकुराची फाइल एकदा उघडली की पुढे नेटवर्क नसलं तरी चालते, हा या प्रकाराचा मोठा फायदा आहे. तो जड चित्रांपायी घालवू नका.

चाचणी स्वतः करून भागत नाही, कारण आपल्याला सगळ्या वाटा पाठ असतात. घरातल्या किंवा ऑफिसातल्या कोणाच्या तरी हातात त्यांचाच फोन देऊन शेजारी बसा आणि गोष्ट संपेपर्यंत बोलू नका. बोट कुठे थांबतं, कुठे ते परत मागे जातात, कोणता पर्याय दोनदा वाचतात, ते लिहून ठेवा. दोघं-तिघं एकाच जागी अडखळले तर त्या पर्यायाचे शब्द बदला. एकच जण अडखळला, तर आणखी एकाला वाचायला देऊन मग ठरवा.