लिनक्ससाठी हलका आणि दमदार लॅपटॉप कसा निवडावा

लॅपटॉप घेताना नजर आधी प्रोसेसरवर जाते. विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टम चालवायची असेल, तर प्रोसेसर शेवटी पाहा असं मी सांगेन. इंटेल किंवा एएमडीचा नेहमीचा कुठलाही प्रोसेसर लिनक्सवर छान चालतो. रोजचा मनस्ताप देतात ते बारीकसारीक भाग: वायफायची चिप, कॅमेरा आणि झाकण मिटल्यावरची झोप (स्लीप मोड).

सुरुवात नेमकं मॉडेल शोधण्यापासून करा. नुसतं नाव पुरत नाही. एकाच नावाखाली दोन वेगळी वायफाय कार्डं निघतात, म्हणून पूर्ण मॉडेल क्रमांक घ्या आणि तो उबंटू या लिनक्सच्या प्रकाराच्या प्रमाणित लॅपटॉपांच्या यादीत व आर्च विकी या लिनक्सच्या माहिती-संकेतस्थळावर शोधा. आर्च विकीवर बऱ्याच मॉडेलांची स्वतंत्र पानं आहेत. काय चालतं आणि काय अडतं ते तिथे तक्त्यातच दिसतं. लिनक्स आधीच घातलेले लॅपटॉपही मिळतात: डेलने २०१२ मध्ये एक्सपीएस १३ उबंटूसह आणला, लेनोवोने २०२० मध्ये थिंकपॅड एक्स१ कार्बन फेडोरा या दुसऱ्या लिनक्ससह. फ्रेमवर्क, सिस्टम७६ आणि टक्सिडो या कंपन्यांची यंत्रंही जरूर पाहा.

मग वायफाय. इंटेलच्या चिपचा ड्रायव्हर (ती चालवणारं सॉफ्टवेअर) कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो, त्यामुळे डोळे मिटून घ्यावी. मीडियाटेकच्या अलीकडच्या चिपही चांगल्या चालतात. रिअलटेकचं मॉडेलागणिक बदलतं. ब्रॉडकॉम मात्र टाळाच. कार्ड सुटं असेल तर पुढेमागे बदलता येतं. बोर्डावर सोल्डर केलेलं असेल तर जन्माची गाठ.

ग्राफिक्ससाठी प्रोसेसरमधलंच पुरतं. एनव्हिडियाचं वेगळं कार्ड कूडासारख्या (ग्राफिक्स कार्डावर जड गणितं चालवण्याच्या) कामाला लागणार असेल तरच घ्या, कारण त्यापायी वजन वाढतं, बॅटरी लवकर उतरते आणि झोपेच्या तक्रारीही सुरू होतात.

आता प्रोसेसर. इंटेलच्या नावातलं ‘यू’ अक्षर म्हणजे साधारण १५ वॅट, ‘एच’ म्हणजे त्याहून बरंच जास्त. सव्वा किलोच्या पातळ यंत्रात ‘एच’ तापतो आणि वेग आपोआप खाली येतो, म्हणजे ज्या ताकदीचे पैसे मोजले तीच हाती येत नाही. चिप अगदी नवी असेल तर कर्नलही नवं हवं. डेबियन १२ या लिनक्समध्ये ६.१ कर्नल आहे, त्यानंतर आलेल्या यंत्रावर फेडोरा किंवा ताजं उबंटू टाका. एआरएम (मोबाइलमध्ये असतात तशा) चिपचे लॅपटॉप वजनाला मोहात पाडतात, पण लिनक्सचा आधार अजून अर्धवट आहे. ॲपलच्या यंत्रांसाठी ‘असाही लिनक्स’ नावाचा प्रकल्प आहे. त्यात ॲपलच्या एम१ आणि एम२ चिपवर बरंच काम झालं आहे.

रॅम हलक्या लॅपटॉपमध्ये बहुधा सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. १६ जीबीच्या खाली जाऊ नका. व्हर्च्युअल मशीन (एका यंत्रात दुसरी ऑपरेटिंग सिस्टम) चालवत असाल तर ३२ घ्या. १४ इंची पडद्याला १९२० बाय १२०० पुरेसं आहे. त्याहून दाट पडद्यावर अक्षरं दीडपट करावी लागतात, आणि मग काही जुनी ॲप्स धूसर दिसतात.

खरी परीक्षा लाइव्ह यूएसबीवर. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा, डिस्कला हात लावायची गरज नाही. आधी आवाज, ब्राइटनेसच्या कळा, टचपॅड आणि ब्लूटूथ तपासा. कॅमेरा आवर्जून उघडून पाहा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून काही लॅपटॉपांत आयपीयू६ला (प्रोसेसरमधल्या चित्र-प्रक्रियेच्या भागाला) जोडलेला कॅमेरा येतो आणि तो सहजासहजी चालत नाही. साधा यूएसबी कॅमेरा मात्र लगेच सुरू होतो. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही कमांड ‘के’ पर्याय देऊन (lspci -k) चालवली की प्रत्येक भागापुढे त्याचा ड्रायव्हर दिसतो. ज्याच्यापुढे ड्रायव्हर नाही, तिथे पाणी मुरत असू शकतं.

झोपेसाठी मात्र वेळ काढा. मी एकदा ही पायरी गाळली. झाकण मिटून लॅपटॉप पाठीवरच्या बॅगेत टाकला. दोन तासांनी चेन उघडली तर आतून ऊब आली. यंत्र जागंच होतं आणि बॅटरी निम्म्यावर आलेली. तेव्हापासून रात्री बॅटरीचा आकडा कागदावर लिहितो, झाकण मिटतो, सकाळी पुन्हा पाहतो. आठ तासांत दहा टक्क्यांहून जास्त उतरली तर ते यंत्र मी ठेवत नाही. परत करण्याची मुदत असेपर्यंतच हे उरका.

बोटाचा ठसा वापरणार असाल तर सेन्सरचा क्रमांक ‘एलएसयूएसबी’ (lsusb) या कमांडने काढून लिबएफप्रिंटच्या (लिनक्समध्ये ठसा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) यादीशी ताडून पाहा. यादीत नसेल तर पासवर्डवरच भागवावं लागेल. आणि उत्पादक आपले फर्मवेअर (यंत्राच्या भागांतलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट एलव्हीएफएस या लिनक्ससाठीच्या फर्मवेअर सेवेवर टाकतो का, तेही बघा. टाकत असेल तर बायोस (यंत्र सुरू करणारं फर्मवेअर) लिनक्समधूनच अद्ययावत होतो, त्यासाठी विंडोज ठेवायची गरज उरत नाही.