या चुका टाळा: सी मध्ये मराठी मजकुराची लांबी मोजताना

‘स्वारगेट’ची लांबी किती? वाचणारा म्हणेल चार अक्षरं. सी भाषेतलं स्ट्रलेन हे फंक्शन बाइट मोजतं, ते म्हणेल 24. दोघंही बरोबर आहेत. यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे मजकूर बाइटांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, मराठीला लागणारा देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट (युनिकोडने क्रमांक दिलेलं एकेक चिन्ह) 3 बाइट घेतो. स, हलन्त, व, काना, र, ग, मात्रा, ट असे आठ झाले, म्हणून 24. मेमरी मागताना हाच आकडा हवा, वर शेवटच्या शून्यासाठी एक बाइट. बाकी कामांना तो चालत नाही.

पुण्यातल्या बसथांब्यांची यादी छापताना रकाना सरळ यावा म्हणून मी प्रिंटएफला जास्तीत जास्त 10 ची मर्यादा दिली होती. स्क्रीनवर आलं ‘स्व’ आणि पुढे प्रश्नचिन्हाची चौकट. प्रिंटएफची ही मर्यादाही बाइटांतच मोजली जाते. नऊ बाइटांत स, हलन्त आणि व बसले, दहावा बाइट कान्याचा पहिला तुकडा होता. उपाय सोपा आहे: जिथे कापायचं, त्याच्या लगेच पुढचा बाइट बघा. त्याचे वरचे दोन बिट 10 असतील तर तुम्ही अक्षराच्या पोटात आहात. तसे नसतील तिथपर्यंत एकेक बाइट मागे या.

एमबीलेन (पुढचं चिन्ह किती बाइटांचं ते सांगणारं फंक्शन) चालत नाही अशी तक्रार असते, तेव्हा बहुतेक वेळा सेटलोकेल, म्हणजे लोकेल (भाषेची आणि मजकूर साठवण्याच्या पद्धतीची निवड) ठरवणारं फंक्शन, राहिलेलं असतं. सी चा प्रोग्रॅम ‘सी’ लोकेलमध्ये सुरू होतो, सिस्टीमचं लोकेल आपोआप उचलत नाही. मग मराठी बाइटांवर एमबीलेन कुठे -1 देतं, कुठे प्रत्येक बाइटला 1. मेनच्या सुरुवातीलाच रिकामी स्ट्रिंग देऊन सेटलोकेल बोलवा, आणि परत आलेलं उत्तर नल (रिकामा पॉइंटर) नाही ना, हेही बघा.

सगळ्यात वाईट चूक एमबीआरलेनची, म्हणजे एमबीलेनच्याच जोडीच्या फंक्शनची. बिघडलेल्या बाइटांना ते -1 आणि अपुऱ्या बाइटांना -2 देतं, पण साइझ-टी प्रकारात, म्हणजे बिनचिन्हाच्या संख्येत. ‘शून्यापेक्षा कमी का?’ ही तपासणी तिथे कधीच खरी ठरत नाही. तेच उत्तर पॉइंटरमध्ये मिळवलं की पॉइंटर मागे सरकतो आणि लूप भलतीकडे जातो. दोन्ही किमती साइझ-टी मध्ये कास्ट करून थेट बरोबरीने तपासा.

नुसते कोडपॉइंट मोजायचे असतील तर लिनक्सवर एमबीएसटूडब्ल्यूसीएसला (बाइटांचे डब्ल्यूचार-टी, म्हणजे रुंद कॅरेक्टर, करणारं फंक्शन) पहिल्या जागी नल द्या, आकडा मिळतो. विंडोजवर डब्ल्यूचार-टी 16 बिटांचा असतो, त्यामुळे इमोजी आला की हिशोब चुकतो.

वाचणाऱ्याची चार अक्षरं मात्र सी ची प्रमाणित लायब्ररी मोजत नाही. त्यासाठी आयसीयू ही युनिकोडची वेगळी लायब्ररी घ्या, आणि नवी आवृत्ती घ्या: जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोड 15.1 मध्ये, 2023 साली आला. जुन्या नियमांनी ‘स्वा’चे दोन तुकडे होतात. म्हणून चाचणीला ‘पुणे’ पुरत नाही, त्यात जोडाक्षरच नाही. ‘कात्रज’ घ्या: 18 बाइट, 6 कोडपॉइंट, 3 अक्षरं.