आधी सहल, मग समारंभ: सातवी ते नववीच्या मुलांची सांस्कृतिक सहल कशी आखावी

बहुतेक शाळांत सहल आणि वार्षिक समारंभ यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. सहल म्हणजे बसमधली गाणी आणि पायऱ्यांवर काढलेला गटाचा फोटो. समारंभ म्हणजे महिनाभराच्या तालमी आणि कुणीतरी बसवून दिलेला नाच. दोन्हींत शिक्षकांची दमछाक होते, आणि मुलांच्या हाती फारसं काही राहत नाही. या दोन्हींच्या तयारीत माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यातून माझं मत पक्कं झालंय: सहल आधी न्यावी आणि तिथे मुलांना जे सापडलं, तेच समारंभात मांडावं. बारा ते पंधरा या वयात रंगमंचावर मिरवायला संकोच वाटतो, पण स्वतः शोधून काढलेली गोष्ट सांगायची असली की हीच मुलं भरभरून बोलतात.

पहिली पायरी: ठिकाणाआधी प्रश्न ठरवा

‘यंदा संग्रहालयात जाऊ’ अशी सुरुवात केली की सगळंच पाहायचं होतं आणि काहीच नीट पाहिलं जात नाही. आधी प्रश्न हवा. लोक पाणी कसं साठवायचे? कापडावर रंग कसा चढवायचे? गेलेल्या माणसाची आठवण कशी जपायचे? असे तीन-चार प्रश्न फळ्यावर लिहा आणि मुलांना हात वर करून एक निवडू द्या. प्रश्न ठरला की तीस दालनांपैकी कोणती तीन पाहायची, हे आपोआप ठरतं.

समारंभाची तारीखही याच वेळी ठरवा. सहलीनंतर दोन ते तीन आठवडे बरे; त्याहून उशीर झाला की पाहिलेलं पुसट होतं. वर्षात काही दिवस यासाठी सोयीचे आहेत: २१ फेब्रुवारीचा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन, १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन, १८ मेचा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. शाळेच्या वेळापत्रकात यातला एखादा बसत असेल तर तो घ्या, नसेल बसत तर हट्ट नको.

दुसरी पायरी: घड्याळ घेऊन स्वतः जाऊन या

माहितीपत्रक वाचून सहल आखू नका. दोन शिक्षकांनी आधी जाऊन मुलांच्या चालीने सगळं फिरावं. बस कुठे थांबते, फाटकापासून दारापर्यंत किती मिनिटं लागतात, स्वच्छतागृहं किती आणि कुठे आहेत, चाळीस मुलं एकत्र बसून डबा खातील अशी सावली आहे का, चाकाची खुर्ची वापरणाऱ्या मुलाला कुठल्या दारातून नेता येईल, हे वहीत टिपा. तिथल्या मार्गदर्शकांना भेटून ठरलेला प्रश्न सांगा. बहुतेक मार्गदर्शक आनंदाने त्या धाग्याने बोलतात, फक्त त्यांना आधी कळलं पाहिजे.

पालकांचं संमतीपत्र, औषधांची आणि ॲलर्जीची माहिती, प्रथमोपचार पेटी हे सगळं लागतंच. पैशांबद्दल मात्र एक गोष्ट कळकळीने सांगते. ज्याला वर्गणी जमत नाही, त्या मुलाचं नाव वर्गात कधीही उच्चारू नका. पालकांना पाठवायच्या पत्रात ‘अडचण असल्यास वर्गशिक्षकांना सांगा’ एवढी एक ओळ घाला आणि पुढचं गुपचूप निस्तरा. पैशांपायी घरी राहिलेलं मूल ती सहल विसरत नाही.

तिसरी पायरी: नवलाई आधीच थोडी कमी करा

ही पायरी सर्वांत जास्त वगळली जाते, आणि माझ्या मते सहल यातच जिंकली किंवा हरली जाते. अनोळखी जागी मुलांचं अर्धं लक्ष जागा ओळखण्यातच जातं. जॉन फॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये शालेय सहलींच्या अभ्यासात हेच दाखवलं: परिसर फार नवखा असला तर ठरवलेलं शिकणं मागे पडतं. पुढे १९९४ मध्ये निर ओरियन आणि अवी हॉफस्टाइन यांनी या नवखेपणाचे तीन भाग सांगितले: विषयाची ओळख नसणं, जागेची ओळख नसणं आणि दिवस कसा जाणार याचा अंदाज नसणं.

म्हणून आठवडाभर आधी एक तास काढा. नकाशा दाखवा. बस किती वाजता निघेल, डबा कधी उघडायचा, स्वच्छतागृह कुठे, दुकानात जायला मिळणार का, या सगळ्यांची सरळ उत्तरं द्या. मुलांच्या डोक्यात तेच घोळत असतं. मग विषयाचे चार-पाच शब्द आणि दोन चित्रं. त्याहून जास्त नको. पाहायला काहीतरी उरलं पाहिजे.

काही नियमांची कारणंही याच तासात सांगा, कारण या वयात कारण कळलं की नियम पाळला जातो. हात लावायचा नाही, कारण बोटांचा घाम आणि तेल धातूवर, दगडावर आणि कापडावर डाग सोडतं. जुन्या कापडांच्या दालनात अंधार असतो, कारण उजेडाने रंग उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही. अशा वस्तूंवर सहसा ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासच प्रकाश ठेवतात. हे सांगून नेलेली मुलं दालनात शिरताच आवाज खाली आणतात, असं मी दरवेळी पाहिलंय.

चौथी पायरी: कमी पाहा, जास्त वेळ पाहा

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जेफ्री आणि लिसा स्मिथ यांनी प्रेक्षकांच्या पाहण्याचा वेळ मोजला होता. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एका कलाकृतीसमोर सरासरी २७ सेकंद जात होते. तिथे बहुतेक मोठी माणसं होती. तेव्हा मुलं भराभर पुढे जातात म्हणून त्यांना रागावू नका. थांबायचं कसं, ते दाखवा.

त्यासाठी मला सर्वांत उपयोगी पडलेली पद्धत कलाकृती कशी पाहावी हे शिकवणाऱ्या ॲबिगेल हाउसेन आणि फिलिप येनावाइन यांची आहे. प्रश्न तीनच. इथे काय चाललंय? तुला असं का वाटलं, काय दिसलं? आणखी काय दिसतंय? शिक्षकाने बरोबर-चूक सांगायचं नाही, मुलांचं म्हणणं आपल्या शब्दांत परत मांडायचं आणि पुढचा हात शोधायचा. पहिली दोन मिनिटं शांतता असते. ती सहन करा.

एकदा एका साध्या मातीच्या भांड्यासमोर आमचा गट असाच थांबला होता. नक्षी नाही, रंग नाही. ‘आणखी काय दिसतंय?’ असं तिसऱ्यांदा विचारल्यावर एरवी वर्गात न बोलणारी एक मुलगी खाली वाकली आणि म्हणाली, ‘बुडाजवळ बोट उमटलंय.’ ओल्या मातीत कुंभाराचं बोट रुतलं होतं आणि ते तसंच भाजलं गेलं होतं. सगळा गट गुडघ्यांवर बसला. एकाने आपलं बोट हवेत त्या खुणेसमोर धरून पाहिलं. ‘बारीक आहे. बाई असेल का? की मुलगा?’ पुढची दहा मिनिटं मला काहीच बोलावं लागलं नाही.

प्रत्येक मुलाला एकच कार्ड द्या: एका बाजूला एका वस्तूचं चित्र काढायचं, दुसऱ्या बाजूला तिला विचारायचा एक प्रश्न लिहायचा. चार पानांची प्रश्नावली दिली की मुलं पाट्या उतरवत फिरतात आणि वस्तूकडे बघतच नाहीत. दर पाऊण तासाने बसवा, पाणी प्यायला लावा. ‘संग्रहालयाचा थकवा’, म्हणजे उभं राहून आणि वाकून पाहण्याने येणारा शीण, याविषयी बोस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्येच लिहून ठेवलंय, आणि मुलांचे पाय आपल्याआधी थकतात.

पाच-सहा जणांचे गट करा आणि प्रत्येक गटाला एक गटप्रमुख. शिरगणती फक्त बसमध्ये नको, प्रत्येक दालनातून निघताना हवी. आमचा एक मुलगा एकदा स्वच्छतागृहात मागे राहिला. दहा मिनिटांत सापडला, रडत नव्हता, पण ओठ पांढरे पडले होते. तेव्हापासून मी मोजल्याशिवाय दार ओलांडत नाही.

पाचवी पायरी: दुसऱ्या दिवशीचा पहिला तास

हा तास आधीच राखून ठेवा. कार्डं जमिनीवर पसरा, मुलांना भोवती उभं करा आणि सारखी वाटणारी कार्डं जवळ आणायला सांगा. अर्ध्या तासात चार-पाच ढीग होतात. समारंभाचा कार्यक्रम तोच. बोटाच्या खुणेचा ढीग असेल, तर त्या गटाने एक छोटा प्रवेश लिहावा. कापडाचा असेल, तर रंगवून दाखवावं. कुणाला घरातल्या आजी-आजोबांची मुलाखत घेऊन ती वाचायची असेल, तर तेही चालेल.

समारंभ दीड तासाचा पुरे. भाषणं दोनच, तीही तीन-तीन मिनिटांची. प्रत्येक मुलाला काम हवं, पण प्रत्येकाने रंगमंचावर यायलाच हवं असं नाही: प्रकाश, पडदा, पाट्या लिहिणं, पाहुण्यांना प्रदर्शन दाखवणं ही कामंही तितकीच महत्त्वाची, आणि ती करणाऱ्या मुलांची नावं निवेदनात घ्या. दुसऱ्या समाजाचा पोशाख किंवा विधी दाखवायचा असेल, तर त्या समाजातल्या कुणाला तरी आधी विचारा. काही गोष्टी पवित्र असतात, त्या नाचासाठी उचलायच्या नसतात. नकार मिळाला तर का मिळाला, याची मुलांशी चर्चा करा.

सभागृहाच्या दाराशी ती सगळी कार्डं एका दोरीला चिमट्यांनी अडकवा, प्रश्नाची बाजू पुढे करून. पालक आत जाण्याआधी तिथेच थांबतात, आपल्या मुलाचं अक्षर शोधतात आणि शेजारच्या कार्डावरचा प्रश्नही वाचू लागतात.