लेसर होडीची जोडणी आणि देखभाल: खोबणीपासून बुचापर्यंत

लेसर ही एकट्याने चालवायची शिडाची होडी. लांबी ४.२ मीटर, नुसत्या सांगाड्याचं वजन ६० किलोच्या आसपास, एक डोलकाठी आणि एकच शीड. ब्रूस कर्बी यांनी आखलेली ही होडी १९९६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. २०१९ पासून तिचं अधिकृत नाव आयएलसीए झालं, पण धक्क्यावर अजून सगळे लेसरच म्हणतात. आयएलसीए ४, ६ आणि ७ हे आकडे शिडाच्या मापावरून आले आहेत: ४.७, ५.७६ आणि ७.०६ चौरस मीटर. होडी तीच राहते, डोलकाठीचा वरचा भागही तोच, बदलतो तो फक्त खालचा भाग आणि शीड. चालवणाऱ्याचं वजन ६० किलोच्या आत असेल आणि वारा चढा असेल तर ७ चं शीड लावायचा हट्ट करू नये.

दिसायला साधी असल्यामुळे हिची जोडणी घाईत उरकली जाते. पाण्यात होणाऱ्या बहुतेक खोळंब्यांचं मूळ मात्र किनाऱ्यावरच असतं: पाणी काढायच्या भोकाचं विसरलेलं बूच, न बसलेली सुकाणूची खिटी, खोबणीत राहिलेली चिमूटभर वाळू.

आधी खोबण

डोलकाठी जिच्यात उभी राहते ती खोबण म्हणजे डेकपासून तळापर्यंत गेलेली नळी. या होडीला डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारा नाहीत, त्यामुळे शिडाचा सगळा जोर या एका नळीवर येतो. शिवाय दर वळणाला बुमबरोबर (शिडाची खालची कड ताणून धरणारा आडवा दांडा) डोलकाठीही खोबणीत फिरते. तळाशी वाळू असेल तर ती पॉलिश पेपरसारखी फायबर घासत राहते. एका मोसमात नळीच्या भिंतीवर बोटाला लागेल इतका खळगा पडू शकतो.

म्हणून प्रत्येक वेळी खोबणीत अर्धा तांब्या गोडं पाणी ओतून, कपडा किंवा स्पंज फिरवून ती पुसून काढा. डोलकाठीच्या बुंध्याचं प्लास्टिकचं बूड जागेवर आहे ना, तेही पाहा. ते पडलं असेल तर ॲल्युमिनियमची उघडी कड थेट तळावर फिरते आणि नळी कापत जाते.

महिन्यातून एकदा गळतीची परीक्षा घ्या. होडी सपाट ठेवा, खोबण काठोकाठ भरा, पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीने खूण करा आणि अर्धा तास थांबा. पातळी खाली गेली तर पाणी होडीच्या पोटात जातंय असं समजा. ती होडी दुरुस्त होईपर्यंत पाण्यात घालू नका. ओल्या फायबरची पकड सुटत जाते आणि मग एखाद्या जोरदार झोतात डोलकाठी डेक फाडूनच बाहेर येते. दुसरी खूण हाताला कळते. फक्त खालचा भाग खोबणीत उभा करा, बुमच्या खुंटीच्या उंचीवर धरून पुढे-मागे ढकला. आजूबाजूचा डेक हलता कामा नये आणि करकर ऐकू येता कामा नये.

जोडणीचा क्रम

ट्रॉलीवरची होडी नाळ (पुढचं टोक) वाऱ्याकडे करून उभी करा. हे आधी. आडव्या वाऱ्यात शीड उभं केलं की बूम सरळ डोक्यावर येतो, किंवा होडी ट्रॉलीसकट उलटते. जोडणी करण्याआधी वर पाहा. डोलकाठी ॲल्युमिनियमची आहे आणि उभी केल्यावर टोक जमिनीपासून सहा मीटरच्या वर जातं. किनाऱ्यालगतच्या गावांत रस्त्यावरून विजेच्या तारा याच उंचीच्या आसपास लोंबत असतात. तारेखालून होडी न्यायची असेल तर डोलकाठी आडवी करूनच न्या, वेळ लागला तरी चालेल.

डोलकाठीचे दोन्ही भाग जोडण्याआधी सांध्याच्या दोन्ही बाजू पुसा. इथे वाळू राहिली तर भाग एकमेकांत घट्ट अडकतात आणि संध्याकाळी दोन माणसं ओढूनही सुटत नाहीत. सांधा सैल वाटला तर वरच्या भागाच्या बुडाला टेपचा एक वेढा द्या. वरच्या भागावरच्या प्लास्टिकच्या कड्याचं रिव्हेट जवळून पाहा: छिद्राभोवती पांढुरकी पूड किंवा केसासारखी चीर दिसली तर तो भाग बाजूला ठेवा. डोलकाठी मोडते ती बहुतेक इथेच.

शीड गवतावर किंवा ताडपत्रीवर उलगडा, खडीवर नको. शीड ताठ ठेवणाऱ्या तिन्ही पट्ट्या त्याच्या खिशांत घाला, निमुळतं लवचिक टोक आत. पट्टी खिशाच्या तोंडाशी नीट अडकली नाही तर पहिल्याच फडफडीत समुद्रात जाते. मग डोलकाठी शिडाच्या बाहीत सरकवा, टोकापर्यंत गेली याची खात्री करा आणि दोन्ही हातांनी सरळ उभी धरून खोबणीत सोडा. एक जण उचलेल, दुसरा होडी धरेल. तिरकी घातली तर खोबणीच्या कडेचा टवका उडतो.

लगेच डोलकाठी डेकला बांधा. ही दोरी बांधायचा कंटाळा केला जातो, पण होडी पूर्ण उलटी झाली की डोलकाठी स्वतःच्या वजनाने निसटते आणि शिडासकट तळाला जाते.

आता बूम खुंटीवर बसवा, वँग (बूम खाली ओढून धरणारी दोरी) लावा, शिडाचं मागचं टोक आउटहॉलला (ते टोक मागे ताणणारी दोरी) बांधा. ते टोक बुमला खाली धरून ठेवणारी वेगळी दोरी असते. तिने टोक बुमला चिकटून राहावं, पण पुढे-मागे सरकावंही. फार आवळली तर आउटहॉल ओढून उपयोग होत नाही.

मेनशीट म्हणजे शीड आत-बाहेर घेणारी मुख्य दोरी; ती ७ मिमी जाडीची, १३ ते १४ मीटर लागते. तिचा मार्ग असा: कॉकपिटमधल्या (बसायच्या खळग्यातल्या) रॅचेट कप्पीतून (एकाच दिशेने मोकळी फिरणारी कप्पी) वर, बुमच्या मधल्या कप्पीतून मागे, बुमखालच्या कडीतून मागच्या कप्पीत, तिथून खाली ट्रॅव्हलरच्या (होडीच्या मागच्या भागावर आडवी बांधलेली दोरी) कप्पीत, आणि परत वर येऊन बुमच्या मागच्या कप्पीच्या कडीला बोलाईनची (न सरकणारा फास देणारी) गाठ. हातातल्या टोकाला आठाची गाठ मारा, नाहीतर सुटलेली दोरी सगळ्या कप्प्यांतून निघून जाईल. रॅचेट ओढताना टकटक वाजला पाहिजे. वाजत नसेल तर दोरी उलट्या दिशेने ओवली आहे.

ट्रॅव्हलरची दोरी तारेसारखी ताठ हवी आणि टिलर (सुकाणू फिरवायचा दांडा) तिच्या खालून गेला पाहिजे. नवशिक्यांचा टिलर हमखास वरून जातो, आणि ते कळतं तेव्हा होडी पाण्यात असते.

सुकाणू बसवल्यावर ते वर उचलून पाहा. खिटी नीट बसली असेल तर ते वर येत नाही. खिटी वाकली असेल तर हाताने सरळ करू नका, बदला, कारण होडी उलटली की सुकाणू तिच्याच भरवशावर राहतं. उथळ पाण्यात सुकाणूचं पातं वर असतं, खोल पाणी येताच दोरी ओढून ते पूर्ण खाली घ्या. अर्धवट पात्यावर जोरात गेलात तर टिलर हाताला जड लागतो आणि सुकाणूचं डोकं मोडतं. डॅगरबोर्डची (होडीच्या मधल्या फटीतून पाण्यात उतरणारी उभी फळी) लवचिक दोरीही लावा, ती नसेल तर उलटलेल्या होडीतून तो खाली घसरतो आणि होडी सरळ करायला पकडायला काही उरत नाही.

सगळ्यात शेवटी होडीच्या मागच्या बाजूचं बूच. हात लावून तपासा. नुसतं पाहून भागत नाही, आटे चुकवून बसलेलं बूचही बसल्यासारखंच दिसतं.

पाण्यात जाण्याआधी

लाइफ जॅकेट मापाचं हवं: खांद्याला धरून वर ओढलं तर हनुवटीच्या वर जाता कामा नये. त्याला शिटी बांधा. नाळेला सहा-सात मीटरची ओढदोरी, खिशात बोथट टोकाची सुरी, आणि किनाऱ्यावर एका माणसाला परतायची वेळ सांगितलेली. लाटांवर पांढरे तुरे दिसू लागले की वारा साधारण १२ नॉटच्या (तासाला सुमारे २२ किलोमीटर) पुढे गेला. एकट्या नवशिक्याने तिथे थांबावं.

कोकण किनाऱ्यावर मोसमात सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि दुपारनंतर खारा वारा उलट वाहू लागतो. सकाळचं पाणी आरशासारखं सपाट दिसतं, ते फसवं आहे. वारा पाठीशी घेऊन सहज बाहेर जाता येतं, परत यायला मात्र तोच वारा तोंडावर असतो. दुपारी खाडीच्या मुखाशी ओहोटी बाहेर आणि खारा वारा आत असे एकमेकांवर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. तेवढा पट्टा टाळा.

भरतीचा अंदाज कोळीवाड्यात तिथीवरून करतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. हा अंदाज उत्तम, पण निघायच्या दिवशी भरतीचा तक्ता पाहाच. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, आणि उतरणीला गेलेली होडी तासाभरात गुडघाभर चिखलापलीकडे राहते.

होडी कलंडली तर तिला सोडू नका. मेनशीट मोकळी करा, पोहत डॅगरबोर्डपाशी या, त्यावर वजन टाकून मागे झुका आणि होडी हळूहळू उठू द्या. नाळ वाऱ्याकडे असेल तर ती उठून लगेच पळत नाही. उथळ बंदरात होडी पूर्ण उलटी झाली की डोलकाठीचं टोक गाळात रुततं. अशा वेळी झटके देऊ नका, वरचा भाग वाकतो. एकसारखा, सावकाश जोर द्या; दोन-तीन मिनिटांत सुटली नाही तर मदतीच्या बोटीला हात करा आणि उलट्या होडीवर चढून बसा.

परत आल्यावर

गोडं पाणी भरपूर. कप्प्या, रॅचेट, बुमची खुंटी, सुकाणूची खिटी, ट्रॉलीची चाकं, सगळं धुवा. शीड सावलीत वाळवा आणि गुंडाळून ठेवा. घडी घातली की त्याच रेषेवर कापड मरतं. वाऱ्यात फडफडत ठेवलेलं शीड एका दुपारी जितकं झिजतं तितकं आठवडाभर चालवून झिजत नाही.

बूच काढून होडीची नाळ उचला आणि किती पाणी निघतं ते मोजा. कपभर पाणी चालतं, अर्धी बादली चालत नाही. गळती शोधायची तर बुचाच्या छिद्राला नळी लावून तोंडाने फुंका आणि दुसऱ्याने सांधे, स्क्रू, बेलरची (कॉकपिटमधलं पाणी बाहेर सोडणारी झडप) कड आणि डॅगरबोर्डची फट यांवर साबणाचं पाणी फिरवावं. बुडबुडे आले तिथे गळती. कंप्रेसर लावू नका, त्या दाबाने डेक आणि सांगाड्याचा सांधा उघडतो.

डोलकाठीवर पोलादी रिव्हेट असतील तर खाऱ्या पाण्यात त्यांच्याभोवतीचं ॲल्युमिनियम आधी कुजतं. बदलताना मोनेलचे (निकेल-तांब्याचा मिश्रधातू) रिव्हेट घ्या आणि छिद्रात सीलंट भरून बसवा.

होडी ट्रॉलीवर ठेवायची ती कडांच्या आधाराने. तळाखाली अरुंद फळी ठेवून वरून पट्टा करकचून आवळला तर मे महिन्याच्या उन्हात तळाला खळगा पडतो, आणि तो परत निघत नाही.

पावसाळ्यात आणि दुरुस्तीला

मेअखेर ते नारळी पौर्णिमा होडी शेडमध्ये जुन्या टायरांवर पालथी ठेवा. बूच काढलेलं, तपासणीची झाकणं उघडी, भोकांवर सुती फडकं बांधलेलं, म्हणजे हवा खेळते आणि गांधीलमाशी घर करत नाही. प्लास्टिक गुंडाळून बंद केलेली होडी आतून घाम धरते आणि पाऊस सरेपर्यंत दोन-तीन किलोंनी जड होऊ शकते. शिडाची पिशवी जमिनीवर न ठेवता टांगा, उंदरांना ती आवडते.

फायबरचं काम पावसात काढू नका, दमट हवेत पकड बसत नाही. चीर ८० नंबरच्या पेपरने उघडी करा, गोड्या पाण्याने धुवा, दोन-तीन दिवस कडक वाळू द्या, मगच जेलकोट (फायबरवरचा रंगीत बाहेरचा थर) भरा. हार्डनर (तो घट्ट करणारं रसायन) वजनाच्या १ ते २ टक्के. आपल्याकडच्या उन्हात १ टक्क्याच्या जवळच राहा, नाहीतर वाटीतच घट्ट होतो. हार्डनर आणि कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं रसायन) कधीही थेट एकत्र करू नका, त्याने भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर नंतर. डोळ्यांवर गॉगल हवाच. भरलेल्या जागेवर चिकटपट्टी किंवा प्लास्टिकचा कागद ताणून लावा, हवा लागली तर जेलकोटचा वरचा थर चिकट राहतो. दुसऱ्या दिवशी कागद काढून ४००, मग ८०० नंबरचा पेपर पाण्याने चालवा. खोबणीच्या भोवती चांदणीसारख्या चिरा असतील तर वरून जेलकोट भरून झाकू नका. तिथे खालचं फायबर सुटलेलं असतं. ते काम ज्याने आधी खोबणी बसवल्या आहेत अशाच कारागिराकडे द्या, आणि होडी परत आल्यावर पेन्सिलीच्या खुणेची परीक्षा पुन्हा घ्या.