मॉडिफाय केलेली टर्बो गाडी थंडीत काळा धूर सोडते? मॅपमधले आकडे बदलण्याआधी या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा पहाटे दहा अंशांच्या आसपास उतरतो, आणि ज्यांनी टर्बो पेट्रोल गाडीत मोठे इंजेक्टर, वेगळा टर्बो किंवा स्वतंत्र ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) बसवला आहे त्यांच्या तक्रारी याच दिवसांत सुरू होतात. सेल्फ बराच वेळ फिरतो, इंजिन लागते आणि लगेच घुटमळते, सायलेन्सरमधून काळा धूर आणि कच्च्या पेट्रोलचा डोळे चुरचुरवणारा वास येतो, आणि पाच-सात मिनिटांनी इंजिन तापले की सारे सुरळीत वाटू लागते. सुरळीत झालेले काहीच नसते. न जळलेले पेट्रोल थंड सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते, आणि त्याच पातळ झालेल्या ऑइलच्या आधारावर टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसत असेल, तर मिश्रण ताळ्यावर आल्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदलायलाच हवेत.

सर्वांत मोठी चूक म्हणजे थेट मॅपमधल्या, म्हणजे ईसीयूत भरलेल्या इंधनाच्या आकड्यांमधल्या, थंड इंजिनाच्या तक्त्यांना हात घालणे. इंजिन तापल्यावर एक्झॉस्टमधल्या लॅम्डा (ऑक्सिजन) सेन्सरच्या आधारे ईसीयू जास्तीचे इंधन आपोआप कमी करतो, त्यामुळे मुळातली चूक झाकली जाते. सकाळी सेन्सर तापलेला नसतो, ही दुरुस्ती बंद असते आणि तीच चूक उघडी पडते. म्हणून आधी पूर्ण तापलेल्या इंजिनाच्या आयडलवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू स्वतःहून इंधनात करत असलेली कमी-जास्त, पाहा. ईसीयू तिथे सतत दहा-पंधरा टक्के इंधन कमी करत असेल, तर दोष थंडीचा नाही, इंजेक्टरच्या मूळ माहितीचा आहे.

या माहितीत सर्वाधिक दुर्लक्षित असतो तो डेड टाइम, म्हणजे विजेचा संकेत मिळाल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंत जाणारा वेळ. बॅटरीचा व्होल्टेज घसरला की तो वाढतो, आणि सेल्फ मारताना व्होल्टेज दहाच्या घरात येतोच. मोठा इंजेक्टर आयडलला जेमतेम एक मिलिसेकंद उपयुक्त वेळ उघडा राहत असेल, तर ०.२ मिलिसेकंदाची चूक म्हणजे तब्बल २० टक्के इंधन. इंधनाचा दाबही तपासावा: इंजेक्टरची क्षमता ३ बारला मोजलेली असेल आणि रेग्युलेटर ४ बारवर लावला असेल, तर प्रवाह सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. पाषाणला आमच्या पार्किंगमध्ये एका जानेवारीत गाडी सुरू होताच वाइडबँड गेज (हवा-इंधनाच्या मिश्रणाचे प्रमाण दाखवणारे मीटर) लॅम्डा १.२ दाखवत होता; लॅम्डा १ म्हणजे नेमके मिश्रण, त्याहून जास्त म्हणजे इंधन कमी. मी पाच टक्के वाढवले, दुसऱ्या दिवशी आणखी पाच. तिसऱ्या सकाळी गाडी लागेचना, तेव्हा प्लग काढले: चारही ओले, चिनी मातीच्या भागावर बोट फिरवताच मऊ काजळी लागत होती. सेन्सर खोटे बोलत नव्हता, मला त्याचे म्हणणे समजले नव्हते. तो पेट्रोल मोजत नाही, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो. अति इंधनाने प्लग भिजून सिलिंडर मिसिंग करू लागला की न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो आणि गेज मिश्रण लीन, म्हणजे इंधन कमी, असल्याचे दाखवतो. टर्बोआधीच्या गॅस्केटमधून गळती असली तरी असेच होऊ शकते. मी मूळ आकड्यांपेक्षाही पंधरा टक्के खाली आलो, नवे प्लग टाकले, आणि दुसऱ्या सकाळी इंजिन पहिल्या सेल्फला लागले. गेज आणि प्लग यांचे म्हणणे जुळत नसेल, तर प्लगवर विश्वास ठेवा.

रात्रभर उभ्या गाडीत इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवून तीन आकडे वाचावेत. कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान एकमेकांशी आणि बाहेरच्या थर्मामीटरशी दोन-तीन अंशांत जुळले पाहिजे. पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत कनेक्टर जुळणारा सेन्सर सहज मिळतो, पण कनेक्टर जुळला म्हणून कोणत्या तापमानाला किती रोध हे गणित जुळत नाही. तसा सेन्सर दहा अंशांना उणे पाच समजला, की ईसीयू हिमप्रदेशातल्यासारखे पेट्रोल ओततो. तिसरा आकडा मॅप सेन्सरचा, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा (ईसीयूच्या मॅपशी याचा संबंध नाही). पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने तो ९५ किलोपास्कलच्या आसपास हवा. १०१ दिसत असेल, तर सेन्सरचे कॅलिब्रेशन चुकले आहे.

रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून पाहावी. ती पेट्रोलने ओली असेल तर आतला पडदा फाटला आहे. इंजिन बंद केल्यावर दाब घसरत असेल, तर तो कुठून घसरतो हे महत्त्वाचे: पंपाच्या व्हॉल्व्हमधून घसरला तर सेल्फ लांबतो पण धूर येत नाही, टपकणाऱ्या इंजेक्टरमधून घसरला तर पहिलाच स्टार्ट काळा होतो. टर्बोसाठी एक-दोन पायऱ्या थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) प्लग घातले असतील, तर ते काजळी लवकर धरतात, हेही लक्षात असू द्यावे.

एवढे तपासल्यावरच तक्ते उघडावेत. इंजिन लागतच नसेल तर क्रँकिंगचा तक्ता, लागल्यावर पहिला अर्धा मिनिट धूर येत असेल तर आफ्टरस्टार्टचा, आणि साठ-सत्तर अंशांपर्यंत जडपणा राहत असेल तर वॉर्मअपचा. तिन्ही एकदम बदलू नयेत. खरा थंड स्टार्ट दिवसातून एकदाच मिळतो. दोन तासांनी पुन्हा सेल्फ मारून घेतलेली नोंद कोमट इंजिनाची असते आणि दिशाभूल करते. एका सकाळी एकच तक्ता, पाच टक्क्यांनी, आणि वहीत तापमान व सेल्फच्या वेळचा किमान व्होल्टेज. पेट्रोल ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले) असल्याने गेजवर शुद्ध पेट्रोलच्या १४.७ या हवा-इंधन प्रमाणाचा माग न धरता लॅम्डाच पाहावा.

गाडी फ्लड झालीच, म्हणजे जास्तीच्या पेट्रोलने प्लग भिजून ती लागेनाशी झाली, तर सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. अनेक ईसीयूंमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यास इंजेक्टर बंद राहतात. ही सोय आपल्या मॅपमध्ये चालू आहे का, हे आधीच पाहून ठेवावे.

आठ अंशांखालच्या नोंदी पुण्यात क्वचितच मिळतात. ते रकाने जुन्या बेस मॅपमधले तसेच सोडू नयेत. आपण दुरुस्त केलेल्या आकड्यांचा कल पुढे चालवून हळूहळू चढते भरावेत, म्हणजे एखाद्या जास्त थंड ठिकाणच्या मुक्कामी पहाटे गाडी पुन्हा पूर्वीसारखी घुटमळणार नाही.