उभ्याने नेम: जुन्या लष्करी रायफलीच्या शेवटच्या दहा गोळ्या

अमेरिकेत ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी नावाची जुनी फायरिंग रेंज आहे. दर उन्हाळ्यात तिथे जुन्या लष्करी रायफलींचे सामने होतात. एम-वन गॅरंड, स्प्रिंगफील्ड १९०३, ली-एनफील्ड, मोसिन-नागांट, स्वीडिश माउझर अशी सगळी मंडळी एका ओळीत दिसतात. गॅरंडच्या सामन्यात अंतर २०० यार्ड, म्हणजे साधारण १८३ मीटर. आधी प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून, सावकाश १० गोळ्या, मग प्रोनमध्येच ८० सेकंदांत १० आणि शेवटी उभ्याने १० मिनिटांत १०. एकूण गुण ३००. प्रोनमध्ये बहुतेकांचं बरं चालतं. गुण गळतात ते उभं राहिल्यावर.

पॅरिसला २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, तिथेही फायनलची शेवटची पोझिशन उभ्याचीच होती. पण त्या खेळात अंगावर ताठ जॅकेट आणि पँट असते. इथे शूटिंग जॅकेट चालत नाही. साध्या स्वेटशर्टात, चार किलोच्या वरची गॅरंड पेलायची. स्नायूंच्या जोरावर ते जमत नाही, त्यामुळे सगळी भिस्त हाडांवर ठेवायची. (खाली सगळं उजव्या हाताच्या नेमबाजासाठी लिहिलंय, डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.)

उभं कसं राहायचं

टार्गेटकडे तोंड करून नव्हे, डावा खांदा टार्गेटकडे करून आडवे उभे राहा. दोन पायांत खांद्याइतकं अंतर, गुडघे सरळ पण ताणलेले नाहीत. आता डावी कंबर किंचित टार्गेटच्या बाजूला काढा आणि पाठ जरा मागे कलू द्या. मूल कडेवर घेताना आपण कंबरेला बाक देतो ना, तसंच. डावं कोपर बरगड्यांना किंवा कंबरेच्या हाडावर टेकवा. शरीराला कोपर टेकवणं म्हणजे लबाडी नव्हे, पोझिशनचा पायाच तो आहे.

डावा तळवा रायफलीच्या पुढच्या टोकाकडे नेऊ नका. गॅरंडला तो ट्रिगर गार्डच्या जरा पुढे बसतो. ली-एनफील्डचं मॅगझिन (काडतुसांची पेटी) खाली आलेलं असतं, तेव्हा मॅगझिनचा तळच तळव्यावर घेतला तरी चालतं. उलट त्याने उंची मिळते. बट, म्हणजे रायफलीचं मागचं टोक, खांद्यात वरच्या बाजूला टेकवा. मान वाकवून डोकं रायफलीपर्यंत नेण्यापेक्षा रायफल वर आणून गालाला लावा. स्लिंगचा (रायफलीच्या पट्ट्याचा) आधार उभ्याने चालतो की नाही, हे सामन्याचे नियम वाचूनच ठरवा.

पाय हलवा, हात नको

ही पायरी नवखे सर्रास गाळतात. रायफल खांद्याला लावा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, अंग सैल सोडा, डोळे उघडा. फोरसाइट (नळीच्या टोकावरची माशी) टार्गेटच्या डावीकडे गेली असेल तर हाताने ढकलून मध्यावर आणू नका. उजवं पाऊल थोडं सरकवा आणि पुन्हा तपासा. हाताने जागेवर आणलेली रायफल ट्रिगर सुटताना आपल्या मूळ जागी परत जायला बघते, आणि गोळीही त्याच बाजूला जाते.

नजर आणि ट्रिगर

फोरसाइटवर ऊन चमकत असेल तर ती काळी करून घ्या. जुने लोक कार्बाइडच्या दिव्याची काजळी धरतात, आता त्यासाठी स्प्रे मिळतो. नजर फोरसाइटच्या टोकावर, टार्गेट धूसर. १३ इंचांचा काळा गोल धूसर असला तरी पुरेसा दिसतो. त्यातलं दहाचं वर्तुळ ७ इंचांचं.

आता खरी अडचण. रायफल हलणारच. गोलाच्या आतबाहेर फिरत राहणार. ती मध्यावर आली की ‘आत्ता!’ म्हणून ट्रिगर खेचायचा मोह होतो, आणि सातची, सहाची गोळी बहुतेक तिथेच जन्मते. गॅरंडच्या ट्रिगरची ओढ नियमाने किमान साडेचार पौंड, म्हणजे दोन किलोच्या वर. ट्रिगर झटक्यात खेचला की अख्खी रायफल हलते. ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा रायफल स्थिरावत असतानाच घेऊन ठेवा. मग अर्धा श्वास सोडून थांबा आणि हलणं चालू असतानाच दाब हळूहळू वाढवत न्या.

सहा-आठ सेकंदांत गोळी सुटली नाही तर रायफल खाली घ्या. नजर थकलेली असते, हात थरथरू लागलेले असतात. त्यानंतरची गोळी क्वचितच चांगली लागते. दहा गोळ्यांना दहा मिनिटं म्हणजे गोळीमागे एक मिनिट, आणि एवढा वेळ खूप झाला. माझ्या मते उभ्याच्या फेरीत सगळ्यात उपयोगी सवय हीच, आणि लाजेपोटी ती फार कमी जण पाळतात. सरोवरावरून वाऱ्याचा झोत आला तर तो ओसरेपर्यंतही असंच थांबा. या अंतरावर वारा गोळीपेक्षा माणसालाच जास्त ढकलतो.

गोळी सुटली की लगेच मान उचलू नका. सुटताना फोरसाइट कुठे होती ते आठवा, वहीत ठिपका काढा, मगच टार्गेट बघा. ठिपका आणि भोक एका जागी येत असतील तर साइट योग्य आहे, सुधारणा हवी ती तुमच्यात. दोन्हींत सतत एकाच दिशेने फरक असेल तर साइटचे क्लिक फिरवा. गॅरंडला एक क्लिक म्हणजे २०० यार्डांवर साधारण २ इंच.

सराव

भारतात .३०३ बोअर (ली-एनफील्डची गोळी) सामान्य परवानाधारकांना मिळत नाही, त्यामुळे हा सामना इथे खेळता येत नाही. पण एनसीसीत .२२ रायफल हाताळलेल्यांना ही ठेवण ओळखीची वाटेल, आणि एअर रायफलवरही ती तशीच बसवता येते. घरी ड्राय फायर, म्हणजे गोळी न भरता ट्रिगरचा सराव, करायचं तर आधी चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, भिंतीवर छोटा काळा ठिपका लावा. रोज पंधरा मिनिटं पुरेत. त्यापुढे थकवा येतो आणि चुकाच पक्क्या होतात.

रेंजवर गॅरंडमध्ये एकेक गोळी भरताना एक पथ्य पाळा: काडतूस थेट चेंबरमध्ये ढकलून त्यावर बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता भाग) सोडू नका. या रायफलीची फायरिंग पिन मोकळी असते, बोल्ट आदळला की ती काडतुसाच्या बुडातल्या प्राइमरला टेकते आणि गोळी आपोआप सुटू शकते. काडतूस मॅगझिनच्या बाजूनेच जाऊ द्या. दहावी गोळी झाली की बोल्ट उघडा, चेंबर फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची रंगीत खूण) घाला आणि रेंज अधिकाऱ्याने सांगेपर्यंत रायफलीला हात लावू नका.