आजारी बदकपिल्लांची काळजी घेताना या चुका टाळा

अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले बदकाचे पिल्लू जेमतेम 40 ते 50 ग्रॅम वजनाचे असते. एवढासा जीव मान टाकून बसलेला दिसला की कोणाचाही हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो, आणि बहुतेक चुकांची सुरुवात तेथेच होते. पहिल्या आठवड्यात आजारी दिसणाऱ्या पिल्लांपैकी पुष्कळांचे दुखणे पिल्लाच्या शरीरात नसून ते ज्या खोक्यात ठेवले आहे त्यात असते: ऊब कमी किंवा जास्त असते, तळ गुळगुळीत असतो, पाण्याचे भांडे चुकीचे असते किंवा खाद्य कोंबडीच्या पिल्लांचे असते. त्यामुळे औषध शोधण्याआधी खोके तपासावे, हा या लेखाचा मुख्य आग्रह आहे.

कवच फोडून देण्याची घाई

साध्या बदकाचे अंडे उबण्यास सुमारे 28 दिवस लागतात आणि मस्कोव्ही जातीचे सुमारे 35. कवचाला पहिले छिद्र पडल्यानंतर पिल्लू पूर्ण बाहेर येईपर्यंत 24 ते 48 तास जाऊ शकतात. या काळात ते निपचित पडून असल्यासारखे वाटते, पण आत महत्त्वाचे काम चाललेले असते: उरलेला पिवळा बलक पोटात ओढला जात असतो आणि कवचाखालच्या पातळ पडद्यातील रक्तवाहिन्या हळूहळू मिटत असतात. अशा वेळी कळवळून कवच सोलले, तर रक्तस्राव होतो किंवा बलक बाहेर राहिलेले पिल्लू हाती येते, आणि ते सहसा वाचत नाही. पडदा सुकून पिल्लाला चिकटला असेल, तर कोमट पाण्याने तो ओलावणे एवढीच मदत पुरेशी असते. रक्ताचा थेंब दिसताच हात थांबवावा.

बाहेर आलेले पिल्लू अंग सुकून पिसे फुलेपर्यंत उबवणी यंत्रातच राहू द्यावे. पोटातील बलकावर ते दिवसभर, काही वेळा त्याहूनही अधिक काळ, निभावून नेते. म्हणून पहिल्याच तासांत चोच उघडून काही भरवण्याची गरज नसते. बेंबीशी वाळलेला दोरा लोंबत असल्यास तो ओढू नये, कारण त्यासोबत आतील भागही बाहेर येऊ शकतो. बेंबी ओली किंवा उघडी दिसली, तर त्यावर सौम्य केलेले पोव्हिडोन आयोडीन लावून पिल्लाला स्वच्छ कोरड्या कापडावर ठेवावे. पोट फुगलेले, बेंबी लाल आणि वास मारणारी असेल, तर तो जिवाणूंचा संसर्ग आहे आणि त्यात औषधांचा उपयोग अनेकदा होत नाही. त्याचे मूळ घाणीने माखलेल्या अंड्यांत आणि न धुतलेल्या यंत्रात असते, त्यामुळे खरा उपाय पुढच्या खेपेसाठी करावा लागतो.

आधी ऊब, मग अन्न

पहिल्या दिवसांत पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर सुमारे 32 ते 33 अंश सेल्सिअस तापमान हवे आणि पुढे ते दर आठवड्याला साधारण 3 अंशांनी उतरवावे. तापमापक हवाच, पण पिल्लांची वागणूक त्याहून लवकर बोलते. ती दिव्याखाली एकमेकांवर चढून किलबिलाट करत असतील, तर त्यांना थंडी वाजत आहे. कडेला पांगून चोच उघडी ठेवत असतील, तर उकडत आहे. ऊब खोक्याच्या एकाच टोकाला ठेवावी, म्हणजे पिल्लाला स्वतः जागा निवडता येते. सगळे खोके सारखेच तापवणे ही फार सर्रास आढळणारी चूक आहे. येथे एक गोष्ट सांगून ठेवतो: काही उष्णता देणाऱ्या दिव्यांवर न चिकटणाऱ्या तव्यावर असते तसला लेप असतो, आणि तो तापल्यावर निघणारा वायू पक्ष्यांना काही मिनिटांत मारू शकतो.

गारठलेल्या पिल्लाचे पाय आणि चोचीचा आतला भाग हाताला थंड लागतो. त्याला आधी उबदार करावे आणि ते हालचाल करू लागल्यावरच पाणी व अन्न द्यावे, कारण थंड पडलेल्या शरीरात अन्न पचत नाही. पाणी पाजायचे झाल्यास ड्रॉपरने चोचीच्या बाजूला एकेक थेंब टेकवावा आणि पिल्लाला तो स्वतः गिळू द्यावा. घशात सोडलेली धार श्वासनलिकेत जाते, आणि मग अशक्तपणाऐवजी न्यूमोनियाने पिल्लू दगावते. दूध किंवा दुधात भिजवलेला पाव देऊ नये.

पाण्याचे भांडे

बदकाचे पिल्लू म्हणजे पाणी, असे समजून त्याला पहिल्याच दिवशी टबात सोडणारे पुष्कळ जण भेटतात. आईजवळ वाढणाऱ्या पिल्लांच्या पिसांना तिच्या अंगचे तेल लागते. यंत्रात जन्मलेल्या पिल्लाला ते मिळत नाही आणि त्याची स्वतःची तेलग्रंथी पहिले काही आठवडे पुरेशी काम करत नाही. ते भिजते, गारठते आणि काही वेळा चक्क बुडते. याच्या उलट चूक म्हणजे भीतीपोटी अगदी उथळ ताटली ठेवणे. बदकाला चोच नाकपुड्यांपर्यंत बुडवून धुता आली पाहिजे, नाहीतर नाकपुड्यांत खाद्य सुकून बसते आणि डोळे चिकटतात. खाद्याशेजारी पाणी कायम हवे, कारण कोरडा भुगा बदकाच्या घशात अडकतो. चिकटलेला डोळा मिठाच्या निर्जंतुक द्रावणाने पुसावा. मात्र डोळ्यांतून व नाकातून स्राव, डोक्याचे थरथरणे आणि हिरवट विष्ठा एकत्र दिसली, तर हा घरगुती उपायांचा विषय राहत नाही.

पायांचे दुखणे: तीन निराळ्या गोष्टी

लंगडणाऱ्या पिल्लाबाबत सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून येथे थोडे थांबायला हवे. पाय दोन्ही बाजूंना फाकून पिल्लू पोटावर सरकत असेल आणि ते एक-दोन दिवसांचेच असेल, तर बहुधा गुळगुळीत तळ कारणीभूत असतो. वर्तमानपत्राचा कागद हा त्यातला मोठा गुन्हेगार; त्याऐवजी खरबरीत रबरी चटई किंवा धागे न निघणारे जाड कापड अंथरावे. मऊ चिकटपट्टीने दोन्ही पाय कमरेखाली स्वाभाविक अंतरावर येतील असे सैलसर जोडले, तर काही दिवसांत फरक पडतो, मात्र उपचार लगेच सुरू व्हायला हवा. पट्टी रोज सोडून पायावर सूज नाही ना, हे पाहावे आणि पट्टी असेपर्यंत पिल्लाला खोल पाण्यापासून दूर ठेवावे.

काही दिवस नीट चालणारे पिल्लू हळूहळू बसू लागले, पाय धनुष्यासारखे वाकले, घोट्याचे सांधे जाड झाले, तर नायसिनचा, म्हणजे ब3 जीवनसत्त्वाचा, अभाव प्रथम आठवावा. बदकांच्या वाढत्या पिल्लांना खाद्याच्या प्रत्येक किलोमागे सुमारे 55 मिलिग्रॅम नायसिन लागते, आणि हे प्रमाण कोंबडीच्या पिल्लांच्या गरजेपेक्षा बरेच जास्त आहे. म्हणूनच एकाच खाद्यावर कोंबडीची पिल्ले धावतात आणि बदकाची लंगडतात. एक किलो खाद्यात 50 ते 75 ग्रॅम ब्रुअर्स यीस्ट (बिअर बनवताना वापरले जाणारे, वाळवून निर्जीव केलेले यीस्ट) मिसळणे हा रूढ उपाय आहे. पाव फुगवण्याचे जिवंत यीस्ट त्याऐवजी वापरू नये. पाय आधीच वाकले असतील, तर यीस्टचा परिणाम फार सावकाश होतो. अशा वेळी पाण्यातून नायसिन द्यावे लागते आणि त्याची मात्रा पशुवैद्याकडून ठरवून घ्यावी.

तिसरा प्रकार म्हणजे घोट्यावरून निसटलेला स्नायूबंध. एकच पाय विचित्र कोनात वळतो, सांधा सुजतो आणि हात लावताच पिल्लू ओरडते. हा पाय पट्टीने सरळ होत नाही, आणि त्याला यीस्ट खाऊ घालत आठवडा घालवणे म्हणजे उपचाराची संधी गमावणे होय.

बुरशी आणि औषधी खाद्य

बुरशी लागलेले खाद्य थोडे वाळवून वापरण्याचा मोह बदकांच्या बाबतीत तरी पूर्ण टाळावा. 1960 साली इंग्लंडमध्ये शेंगदाण्याच्या पेंडीतील बुरशीच्या विषाने हजारो टर्की पक्षी मेले, आणि त्या शोधातून अफ्लाटॉक्सिनची ओळख झाली. बदकाची पिल्ले या विषाला इतकी संवेदनशील असतात की पुढे ते विष तपासण्यासाठी त्यांचाच उपयोग केला गेला. खोक्यात अंथरलेल्या ओलसर, बुरसटलेल्या भुशामुळे फुफ्फुसांना संसर्ग होतो. पिल्लू मान ताणून चोच उघडी ठेवून श्वास घेते, पण किलबिल ऐकू येत नाही. कोंबडीच्या पिल्लांचे औषधयुक्त खाद्यही विचारल्याशिवाय देऊ नये, कारण बदकाचे पिल्लू अधिक खाते आणि त्यामुळे त्याच्या पोटात औषधही अधिक जाते.

वाट पाहू नये असे प्रसंग

एखाद्या पिल्लाची मान हळूहळू वाकडी होत असेल, तर ई जीवनसत्त्वाचा किंवा थायमिनचा, म्हणजे ब1 जीवनसत्त्वाचा, अभाव संभवतो. पण धडधाकट दिसणारी पिल्ले एकामागून एक कोसळून, डोके पाठीकडे ताणून तासाभरात मरू लागली, तर तो विषाणूजन्य यकृतदाह असू शकतो. हा रोग सहा आठवड्यांखालील पिल्लांत आढळतो आणि झपाट्याने पसरतो. बदकांत बर्ड फ्लू लक्षणांशिवायही राहू शकतो, हे लक्षात घेता, अनेक पक्षी अचानक मेल्यास पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवणे आवश्यक आहे. मृत पिल्लू तपासणीसाठी पिशवीत बंद करून थंड ठेवावे, गोठवू नये. निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेतही साल्मोनेला हा माणसांना आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो. हात साबणाने धुवावेत आणि लहान मुलांना पिल्लांचे मुके घेऊ देऊ नयेत.

संसर्गाची शंका असेल, तर आजारी पिल्लू वेगळ्या खोलीत ठेवावे. केवळ पायाचे दुखणे असेल, तर त्याच खोक्यात जाळीचा आडोसा करावा, कारण एकटे पडलेले पिल्लू सतत ओरडते आणि खाणे सोडते. रोज ठरावीक वेळी त्याचे वजन करावे. पहिल्या दिवशी किंचित घट दिसली तर घाबरू नये, पण नंतर लागोपाठ दोन दिवस वजन वाढले नाही, तर पिल्लू कितीही चपळ दिसो, पशुवैद्याला दाखवावे. चालणे सुधारून वजन सलग काही दिवस वाढू लागले की प्रथम एका शांत भावंडासोबत आणि मगच पूर्ण घोळक्यात त्याला सोडावे.